दोन तोंडांची वायर

भुताच्या गोष्टीला रात्र लागते असं म्हणणारा माणूस मे महिन्यात कधी वडशाला आलेला नसतो. त्या दिवसांत आमच्याकडे माणसं रात्रीच दिसतात. अंगणात खाटा, टरबुजाच्या फोडी, शेजाऱ्याची निंदानालस्ती, सगळं रात्री. सुनसान असते ती दुपार. तीन वाजता स्टेशनच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. हे जे घडलं ते असंच दुपारी तीन वाजता, भर उन्हात घडलं, आणि त्याचा शीण माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. म्हणून हळूहळूच सांगतो. घाई करायला ताकद लागते.

काम साधं होतं. देवरावची हार्डडिस्क कंपनीतल्या कॉम्प्युटरला लावून पाहायची.

कंपनी म्हटलं की भोंगा वाजणारा कारखाना समजू नका. वडशात नाटक मंडळाला कंपनी म्हणतात. दिवाळीनंतर होळीपर्यंत आम्ही गावोगाव जाऊन रात्र-रात्रभर नाटकं करतो. मी तिथला हसवणारा. नाव लटारू, शिक्षण सातवी, तीही गुरुजी मला कंटाळले म्हणून. देवराव आमचा प्रॉम्टर. आमच्या नाटकांना तालमी दोन आणि प्रयोग साठ, मग पाठांतर कोणाच्या बापाला होणार? विंगेत एका फळीवर देवराव पुस्तक घेऊन बसायचा. गालात लवंग. बोटाला थुंकी लावून पान उलटायचा, आणि ज्याचं त्याचं वाक्य ज्याच्या त्याच्या कानात अर्धा श्वास आधी टाकायचा. कोणी गप्प राहिलाच, तर हातातली अंगठी फळीवर तीनदा वाजवायचा. टक्, टक्, टक्. म्हणजे, गाढवा, पाळी तुझी आहे.

आम्ही विचार करायचो नाही. कानात आलं की तोंडातून निघालंच पाहिजे, ही सवय. एकदा आरमोरीकडच्या एका गावात मी राजा होतो. देवराव चहा आणणाऱ्याला हळूच म्हणाला, "साखर कमी टाकजो." आणि मी भर दरबारात तलवार उपसून शत्रूच्या सेनापतीवर गरजलो, "साखर कमी टाकजो!" टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, काहीतरी खोल अर्थ असेल.

तो देवराव जानेवारीत गेला.

अंगात ताप म्हणून त्या दिवशी तो घरीच होता. संध्याकाळी त्याला आमच्या मालकाचा, लच्छूशेठचा, फोन आला. बदली प्रॉम्टर पळाला, नाटक अडलं, आहे तसा निघ. देवराव तापातच मोटरसायकलवर निघाला. कुरखेड्याच्या पुढे जंगलात, धुक्यात, रानडुक्कर आडवं आलं. सकाळी तो एका मोहाच्या झाडाखाली सापडला.

लच्छूशेठ शपथेवर सांगे, मी फोन केलाच नाही. देवरावची बायको सत्यशीला म्हणे, खोटं बोलता. तिनं भर चौकात शेठला 'माणूसमाऱ्या' म्हटलं. तेव्हापासून शेठ मान खाली घालून चालू लागला. त्याच्याकडे कोणी नाटक ठरवायचं पान खायलासुद्धा बसेना. चार महिने.

फोन मी केला होता.

शेठचा आवाज मला हुबेहूब जमतो. घशात कुरमुरे अडकल्यासारखी खरखर, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समजलं का नाई समजलं?" त्या आवाजात मी अर्ध्या कंपनीला कधी ना कधी पळवलेलं आहे. एका खलनायकाला तर मिशी काढून ये म्हणून सांगितलं होतं, आणि तो काढून आला होता. देवरावचीही थट्टाच, माझा नंबर दिसू नये म्हणून पानठेलेवाल्याच्या फोनवरून. दहा मिनिटांनी पुन्हा फोन करून हसणार होतो. तेवढ्यात मेकपला हाक आली. तोंडाला रंग लावायला बसलो आणि विसरलो. इतकंच. विसरलो.

आता डिस्कचं. देवरावच्या फोनवर आलेला प्रत्येक कॉल आपोआप टेप व्हायचा. फोन भरला की तो सगळं पोरीच्या लॅपटॉपवरून आपल्या डिस्कमध्ये उतरवून ठेवायचा. कंपनीची गाणी, ढगांचे गडगडाट, बंदुकीचे बार, तेही त्याच डिस्कमध्ये, म्हणून ती कायम त्याच्या पिशवीत. त्या संध्याकाळी निघताना तो बायकोला म्हणाला होता, "शेठचा आवाज आज जरासा अलगच वाटला. डिस्कमध्ये टाकून ठेवला. आलो का ऐकतो."

प्रॉम्टरचा कान होता तो. फसला, पण पुरता नाही.

फोनचा अपघातात चुरा झाला. पिशवी झुडपात सापडली. पोरगी, रिना, त्यानंतर लॅपटॉप घेऊन नागपूरला नोकरीवर गेलेली. सत्यशीलाबाईंनी चार महिने ती पिशवी खुंटीवरून काढली नाही, आणि मग एक दिवस मला निरोप धाडला.

"लटारूभाऊ," त्या म्हणाल्या, "कंपनीच्या कॉम्प्युटरवर लावून पाहू. शेठवर माहा भरोसा नाई. तुमीच माह्यासंगं राहा."

माझ्यावर भरोसा. चाळीस वर्षं लोकांना हसवलं, पण याच्याइतका मोठा विनोद मला कधी सुचला नाही.

पिशवी माझ्या लुनावर होती, बाई मागून ऑटोनं येणार होत्या. रेल्वे फाटक लागलेलं. मी पिशवीत हात घातला. डिस्क, आणि तिची आखूड काळी वायर. एका टोकाला डिस्कमध्ये जाणारं बारीक तोंड, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरमध्ये जाणारी दोन तोंडं. ती मी बंडीच्या खिशात टाकली. वायरच नाही, तर आवाज कुठून निघेल? मालगाडी धडधडत गेली, फाटक उघडलं, आणि मी शीळ घालत निघालो.

कंपनीची खोली मोसम संपल्यापासून बंद होती. टिनाचं छप्पर तापून कडकड वाजत होतं. भिंतीशी गुंडाळलेले पडदे उभे: राजवाड्याचा, नदीचा, जंगलाचा. उंदरांचा वास, जुन्या पावडरचा वास, दाढी चिकटवायच्या गोंदाचा वास. कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसती धूळ फेकत होता. कोपऱ्यात देवरावची फळी होती. कोणी हलवली नव्हती.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा प्रफुल जेवून आलेला, डोळ्यांवर झापड.

"या प्रफुलसाहेब," मी म्हटलं, "तुम्ही जांभई दिली तर आमचा कॉम्प्युटरही झोपन."

"तो जागा कधी राहते, लटारूभाऊ?" प्रफुल म्हणाला. "वायर कुठी आहे याची?"

बाईंनी पिशवी उलटी केली. "म्या सोता पाह्यली होती बापा."

"जंगलात पडली असंन," मी म्हटलं. तोंड कसं गंभीर ठेवायचं ते मला माहीत आहे. धंदाच तो.

पण प्रफुल हुशार. कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याची लांबलचक बारीक वायर टेबलाच्या खणात होती, तिचं तोंड डिस्कला बसलं. त्यानं ती कॉम्प्युटरच्या समोरच्या भोकात घातली.

डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकला. कॉम्प्युटर 'टुंग' वाजला. लगेच दुसऱ्यांदा वाजला, पडल्यासारखा. पडद्यावर पाटी आली, उपकरण ओळखता आलं नाही. आणि डिस्कच्या पोटातून आवाज आला.

टक्… टक्… टक्.

"मेली का?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"मेली नाई, बाई. उपाशी आहे." प्रफुलनं डिस्क कानाला लावली. "आतली चकती फिराले पावर लागते. तेवढी पोचून नाई राह्यली. उठाले पाहते, अन् बसते."

"आमच्या कंपनीतले सगळेच असे," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

मग त्यानं एकेक करून सुरू केलं. समोरच्या भोकांना आतून बारीक तार येते, म्हणून वायर मागच्या भोकात लावली. टक्, टक्, टक्. मागच्या बाजूला प्रिंटर, स्पीकर, टेबलावरचा छोटा दिवा, सगळे त्याच कॉम्प्युटरची वीज खात बसले होते, त्यांना उपटलं. माझाही फोन तिथंच चार्जिंगला होता, तोही. मग पडद्यावर कुठंतरी जाऊन एक खूण काढली. कॉम्प्युटर बचत म्हणून मधूनच भोकांची वीज तोडतो म्हणे, त्याला ते करू नको म्हणून सांगितलं. दर खेपेला बाई पुढे झुकायच्या, आणि दर खेपेला तेच. टक्, टक्, टक्. मध्ये थांबायचं. पुन्हा तीन.

तीनच. मी मोजलं. प्रत्येक वेळी तीन.

"असंच वाजते का हे?" मी विचारलं.

"उपाशी डिस्क वाजतेच, भाऊ. तुमी काऊन घाबरून राह्यले?"

"मी? मी तर झोपून राह्यलो." आणि खरं सांगतो, मला थकवा यायला लागला होता. काही न करता. बसल्या जागी पायांतून कोणी पाणी काढून घेत असल्यासारखा.

प्रफुलनं घाम पुसला. "ही वायर लांब आहे अन् बारीक. अर्धी पावर रस्त्यातच जिरते. याची सोताची वायर दोन तोंडांची राहते, बाई. एका भोकातून पुरत नाई म्हणून दोन भोकांतून ओढते. ती असती, तर आत्ता आवाज निघाला असता."

सत्यशीलाबाई बसून राहिल्या, पदराच्या टोकाची गाठ सोडत, बांधत. मग माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाल्या, "म्या त्या शेठले भर चौकात बोलली, लटारूभाऊ. त्याची म्हातारी माय उभी होती तिथी. खरं असंन तर ठीक. नसंन तर म्या कुठी तोंड लपवू? म्हणून ऐकाचं आहे. दुसरं काई नाई."

आता मी काही देवमाणूस नाही. पण थट्टा करणाऱ्याचा एक धर्म असतो, हसू संपलं की मुखवटा काढायचा. मी तो काढला नाही. अर्धाच काढला. बंडीच्या खिशात हात घातला, प्रफुलच्या कानामागून काढल्यासारखी ती वायर बाहेर आणली आणि ओरडलो, "हे पाहा, कंपनीचा जादूगार!"

प्रफुल शिवी देता देता थांबला. बाई नुसत्या पाहत राहिल्या. डोळ्यांची पापणी हलली नाही.

"जरा गंमत केली, वयनी," मी म्हटलं. माझाच आवाज मला पातळ वाटला.

प्रफुलनं आखूड वायर लावली. पण मागच्या भोकांपैकी एकच धड उरलं होतं. बाकीची गंजकी भोकं मघाशी प्रिंटर-स्पीकर उपटताना वाकली, आणि समोरच्यापर्यंत वायर पुरेना. एक तोंड आत गेलं, दुसरं टेबलावरून लोंबकळत राहिलं.

टक्… टक्… टक्.

"आता?" बाई.

"दुकानातून डबा आणतो. चार भोकांचा, त्याले सोताची वीज राहते." प्रफुल उठला.

आणि मला सवयच वाईट. खोलीत दोन माणसं गप्प बसली की माझा हात शिवशिवतो. मी ते लोंबकळणारं तोंड उचललं, मुठीत घट्ट धरलं आणि म्हटलं, "काऊन डबा आणता? घे गा देवराव, माही पावर घे."

टकटक थांबली.

एक बारीक घरघर सुरू झाली. निळा दिवा लुकलुकायचा थांबून ठाम लागला. प्रफुल दारातच वळला. "फिरली!" तो म्हणाला. "भाऊ, काय केलं?"

मी काय केलं असतं? मी मूठ उघडू पाहत होतो. उघडत नव्हती. तळहातातून, मनगटातून, खांद्यातून काहीतरी संथपणे निघून चाललं होतं. दुखत नव्हतं. नुसता शीण. साठ प्रयोगांचा, चाळीस मोसमांचा, एकदम आला.

त्याच वेळी वीज गेली.

कूलर थांबला. पडदा काळा झाला. कॉम्प्युटरचा पंखा फिरत फिरत निमाला. टिनाखालच्या त्या भट्टीत एकदम इतकं शांत झालं, की स्टेशनवरच्या मालधक्क्यावर कोणी खोकलेलं ऐकू आलं.

डिस्क फिरतच होती.

प्रफुल हळूच टेबलाकडे आला. मागून वायर उपटली. आता डिस्कचं एक तोंड हवेत, आणि दुसरं माझ्या मुठीत. निळा दिवा ठाम. घरघर चालू.

"भाऊ…" तो म्हणाला. "सोडा ते."

"सुटून नाई राह्यलं…"

मग लवंगेचा वास आला. कोपऱ्यातल्या फळीकडून. आणि माझ्या डाव्या कानात, नेहमीच्या कानात, अर्धा श्वास आधी, तो आवाज. कुजबुजता, कोरडा, कसलाही राग नसलेला. चाळीस वर्षं ज्यानं मला वाक्यं दिली तो.

मी विचार केला नाही. कानात आलं, तोंडातून निघालं. आणि निघालं ते शेठच्या आवाजात, घशातल्या त्या खरखरीसकट.

"फोन म्या केला होता. लटारूनं. शेठच्या आवाजात. थट्टा होती. मंग म्या विसरलो. समजलं का नाई समजलं?"

मूठ उघडली. घरघर थांबली. दिवा विझला.

प्रफुल भिंतीला टेकला होता. सत्यशीलाबाई हलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पुन्हा म्हणा. तुमच्या सोताच्या आवाजात."

मी म्हटलं. या वेळी कानात कोणी काही दिलं नाही, म्हणून फार अडखळलो.

त्यांनी रडणं-ओरडणं केलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी डिस्क उचलली, वायर तिच्याभोवती गुंडाळली, पदरात बांधली. दारात थांबून म्हणाल्या, "एवढा ताप होता त्याहिले. म्या म्हटलं, जाऊ नका. तर म्हणे, माणसं उभी राहतीन अन् वाक्य नाई मिळणार…" त्या उन्हात निघाल्या त्या घराकडे नाही, सरळ लच्छूशेठच्या घराकडे. चप्पल दारातच राहिली होती.

मी प्रफुलला विचारलं, "तू ऐकला ना त्याचा आवाज?"

"कोणाचा?" प्रफुल म्हणाला. "तुमीच बोलून राह्यले होते."

ही झाली मे महिन्याची गोष्ट. त्यानंतर शेठनं मला कंपनीत पाय ठेवू दिला नाही, आणि बरोबर केलं. मीही भांडलो नाही. भांडायलाही पावर लागते. जिना चढलो की बसावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या, म्हातारपण आहे. तळहातावर एक छोटा चौकोन उमटला आहे, नखाएवढा. तो त्यांना दाखवला. भाजलं असेल, म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी प्रफुल रस्त्यात भेटला. तो हल्ली माझ्यापासून दोन हात लांब उभा राहतो. त्यानं सांगितलं, रिनानं डिस्क नागपूरला उघडून पाहिली. आतली चकती अपघातातच चिरली होती. फिरवणारं यंत्र जाम. "ती जंगलात पडल्यापासून एकदाही फिरली नाई, भाऊ," तो म्हणाला. "फिरूच शकत नव्हती." मग आपल्याच बोलण्यानं दचकून निघून गेला. फिरताना तर त्यानंच पाहिली होती.

आता नवा मोसम सुरू झाला आहे. संध्याकाळी कंपन्यांच्या गाड्या पडदे घेऊन निघतात. मी खिडकीशी बसून हे लिहितो. सातवीतला माणूस एवढं सलग कसं लिहितो, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. पहिल्या ओळीपासूनच वाटत होतं. मी फक्त कानात आलेलं उतरवत आलो, अर्धा श्वास मागून. फोनचं ते वाक्य मी झाकून ठेवणार होतो, तेही त्यानंच घालायला लावलं.

पण मघापासून कान गप्प आहे.

लवंगेचा वास आहे. बोटाला थुंकी लागली, पान उलटलं, तेही ऐकू आलं. आता अंगठी वाजते आहे. टक्… टक्… टक्. म्हणजे पाळी माझी.

वाक्य मात्र दिलं नाई अजून.